परक्या देवघरातील पाहुणे

शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या मुलामुलींना आठवडा-दहा दिवसांसाठी स्पेनला नेण्याची प्रथा ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका या देशांत चांगलीच रुळली आहे, आणि मुंबई-पुण्यातील आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतही स्पॅनिशचे वर्ग भरू लागल्यामुळे मराठी पालक-शिक्षकांनाही हा विषय सर्वस्वी परका राहिलेला नाही. अशा सहलीचा उघड हेतू भाषेचा असतो. वर्गात घोकलेली क्रियापदांची रूपे मंडईत, खाणावळीत आणि मुलांना ठेवून घेणाऱ्या यजमान कुटुंबाच्या घरात प्रत्यक्ष कानी पडावीत, हे त्यामागचे साधे गणित आहे. परंतु कार्यक्रमपत्रिका उघडून पाहिली तर दिवसाचा मोठा भाग मंडईत जात नाही, हे ध्यानात येते. तोलेदोचे कॅथेड्रल आणि तेथील दोन जुनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनागृहे. गेली जवळजवळ आठ शतके कॅथेड्रल असलेली कोर्दोब्याची मशीद. सेव्हियामधील पवित्र सप्ताहाच्या मिरवणुका. सान्तियागोच्या समाधीकडे जाणारी जुनी पायवाट: स्पेनमध्ये 'संस्कृती' या सदरात जे दाखवले जाते, त्यातले पुष्कळसे कुणाच्या तरी उपासनेसाठी उभे राहिलेले आहे. भाषा शिकायला निघालेला विद्यार्थी प्रत्यक्षात दुसऱ्याच्या देवघरात जाऊन उभा राहतो.

वेदान्ताचे ग्रंथ विषयाला हात घालण्यापूर्वी चार गोष्टी सांगून टाकतात, ज्यांना 'अनुबंधचतुष्टय' असे नाव आहे: ग्रंथाचा विषय कोणता, त्यातून काय साधायचे हे प्रयोजन, विषय आणि ग्रंथ यांच्यातील संबंध, आणि तो ग्रंथ हाती घेण्यास पात्र असलेला अधिकारी कोण. शालेय सहलीच्या आराखड्याला हीच कसोटी लावली तर विषय आणि प्रयोजन यांची माहिती त्यात सविस्तर सापडते, पण अधिकारी आणि संबंध यांच्या जागी इयत्ता, वय, पालकांचे संमतिपत्र आणि पासपोर्टचा क्रमांक यांपलीकडे काहीच नसते. ज्या श्रद्धेत आपण वाढलो नाही, किंवा कोणत्याच श्रद्धेत वाढलो नाही, त्या श्रद्धेच्या पवित्र जागी विद्यार्थ्याने कोणत्या नात्याने उभे राहावे, आणि त्याला तिथे नेण्याचा शिक्षकाला अधिकार काय, हा प्रश्न या रिकाम्या जागेत दडलेला आहे. तो नियोजनाचा वाटतो, पण मुळात तत्त्वज्ञानाचा आहे; कारण पवित्र गोष्ट बाहेरून कळू शकते का, या जुन्या वादाशी तो येऊन भिडतो.

दोन प्रस्थापित उत्तरे

या वादातील एक टोक रूडोल्फ ओटो या जर्मन प्रोटेस्टंट धर्मचिंतकाने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या 'दास हायलिगे' या ग्रंथात सापडते. पवित्रतेचा गाभा नीतीत किंवा तर्कात सापडत नाही, तर एकाच वेळी थरकाप उडवणाऱ्या आणि ओढून घेणाऱ्या एका गूढ जाणिवेत सापडतो, असे ओटोचे म्हणणे होते आणि त्या जाणिवेला त्याने 'न्यूमिनस' हे नाव दिले. ग्रंथाच्या आरंभीच्या पानांत तो वाचकाला स्वतःच्या आयुष्यातील उत्कट धार्मिक अनुभवाचा क्षण आठवायला सांगतो, आणि ज्याला तसा क्षण आठवत नसेल त्याने पुढे वाचू नये, अशी विनंती करतो. अधिकाराची इतकी कडक अट मान्य केली तर पंधरा वर्षांच्या मुलांचा वर्ग कॅथेड्रलच्या दाराशीच थांबवावा लागेल. आतल्या कमानींची उंची आणि काचांवरील रंग त्यांना दिसतील, पण ज्यासाठी ते सारे उभारले गेले ते त्यांच्या हाती लागणार नाही.

दुसरे टोक निनियन स्मार्ट या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या नावाशी जोडले जाते. १९६७ साली लँकेस्टर विद्यापीठात धर्माच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला त्याचा तो संस्थापक होता, आणि शाळांतील धर्मविषयक शिक्षणावरही त्याच्या विचाराचा खोल परिणाम झाला. स्मार्टने हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञाच्या प्रतिभासशास्त्रातून, म्हणजे अनुभवाला वस्तू जशी भासते तशी तिचे वर्णन करणाऱ्या तत्त्वपद्धतीतून, 'एपोखे' ही कल्पना घेतली. एपोखे म्हणजे एखादी श्रद्धा खरी की खोटी हा निवाडा तात्पुरता कंसात ठेवून ती श्रद्धा बाळगणाऱ्याच्या जगाचे सहानुभूतीने वर्णन करणे. या पद्धतीत बाहेरचा माणूसही अधिकारी ठरतो; अट एवढीच की त्याने आपला निवाडा दाराबाहेर ठेवावा.

सार्वजनिक शिक्षणाने हे दुसरे उत्तर स्वीकारले आहे, आणि त्याला सबळ कारणे आहेत. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेने २००७ साली शाळांमधून धर्मांविषयी कसे शिकवावे याची तत्त्वे प्रसिद्ध केली, ती 'तोलेदो मार्गदर्शक तत्त्वे' म्हणून ओळखली जातात. तीन धर्मांचा वारसा असलेल्या या स्पॅनिश शहराचे नाव त्यांना मिळावे, हे अर्थपूर्ण आहे. धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे यांतील सीमारेषा हा त्या तत्त्वांचा कणा आहे. भारतात राज्यघटनेचे २८ वे कलम सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मज्जाव करते, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीवाचून उपासनेस हजर राहण्याची सक्ती करू देत नाही; तर धर्मांविषयीचा अभ्यास या मनाईत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात दिला. वर्गाच्या चार भिंतींत ही सीमारेषा बहुधा सांभाळता येते. सहल मात्र वर्गाबाहेर जाते, आणि तिथेच या उत्तराची मर्यादा उघडी पडते. कारण पाठ्यपुस्तकातील उतारा कंसात ठेवता येतो, पण प्रार्थनास्थळात नुसते उभे राहणे हीच एक कृती असते आणि तिला त्या जागेच्या नियमांत, भांडणांत व स्मृतींत आपोआप एक अर्थ प्राप्त होतो.

कोर्दोबा : कंसात न मावणारी वास्तू

कोर्दोब्याची मशीद हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. उमय्या घराण्याचा अमीर अब्द अर-रहमान पहिला याने आठव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिचे बांधकाम सुरू केले, आणि पुढील दोनशे वर्षांत त्याच्या वारसांनी व शेवटी वजीर अल-मन्सूरने तिचा विस्तार केला. आत शिरल्यावर दिसणारे साडेआठशेहून अधिक खांब एका मापाचे नाहीत, कारण त्यांतले बरेचसे रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून उचलून आणलेले आहेत. संगमरवर, ग्रॅनाइट, जॅस्पर असे त्यांचे दगडही निरनिराळे आहेत. छप्पर उंच न्यायचे तर हे खांब तोकडे पडत होते, म्हणून कारागिरांनी एकावर एक अशा दोन कमानी घातल्या, आणि त्यांत लाल वीट व फिकट दगड आळीपाळीने बसवले. दहाव्या शतकात अल-हकम दुसरा याने बांधलेल्या मिहराबवर, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, सोनेरी कूफी अक्षरांची आणि रंगीत काचतुकड्यांची नक्षी आहे. ती घडवण्यासाठी बायझंटाइन ख्रिस्ती सम्राटाकडून साहित्य आणि कारागीर आले होते. मशिदीच्या सर्वांत पवित्र भागाला ख्रिस्ती दरबारातून आलेली झळाळी आहे, हे या वास्तूचे पहिले सत्य आहे.

दुसरे सत्य १२३६ साली सुरू होते. कास्तिलचा राजा फर्नांदो तिसरा याने शहर जिंकल्यावर मशीद कॅथेड्रल म्हणून अभिषिक्त झाली. १५२३ साली बिशप आलोन्सो मान्रिके याने खांबांच्या रानाचा मध्य पाडून तिथे नव्या पद्धतीचे उंच गर्भागार बांधण्याचा घाट घातला, तेव्हा कोर्दोब्याच्या नगरसभेने त्याला कडाडून विरोध केला आणि पाडकाम करणाऱ्या मजुरांना देहदंडाची तंबीही दिली. विरोध करणारे नगरवासी ख्रिस्तीच होते. शेवटी सम्राट पाचव्या कार्लने बिशपच्या बाजूने कौल दिला. आज त्या गर्भागारात नेमाने मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होते, आणि मुसलमानांना आत नमाज पढण्याची मुभा नाही. २०१० च्या पवित्र सप्ताहात ऑस्ट्रियाहून आलेल्या मुस्लिम प्रवाशांपैकी काहींनी आत नमाज सुरू केला, पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले, झटापट झाली आणि दोघांना अटक झाली. वास्तूच्या मालकीचा वादही शमलेला नाही. २००६ साली चर्चने ती आपल्या नावे नोंदवून घेतली, त्याविरुद्ध शहरात चळवळ झाली, आणि पत्रकांवर 'मशीद' हा शब्द राहावा की नाही यावरही वितंडवाद झाला.

या जागी निवाडा कंसात ठेवण्याचा सल्ला कितपत पुरतो, याचा विचार करायला हवा. विद्यार्थ्यांच्या एकाच गटात एखादी कॅथलिक मुलगी असेल, तर ती गर्भागाराशी गुडघे टेकू शकते. तिच्या शेजारी बसणारा मुस्लिम मुलगा मिहराबसमोर उभा राहून ओंजळ पसरू लागला, तर पहारेकरी त्याच्याकडे येईल. दोघांनी विकत घेतलेले तिकीट एकच आहे, मार्गदर्शकाचे निवेदन एकच आहे, पण त्या दगडांशी दोघांचा संबंध सारखा नाही. तटस्थता ही अशा वेळी ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही त्याची सोय बनते. सहलीचा आराखडा करणारा शिक्षक जेव्हा सर्वांची एकच तुकडी धरून दीड तास लिहितो, तेव्हा तो हा फरक पुसून टाकतो, आणि पुसून टाकलेला फरक मुलाच्या मनात अपमान म्हणून उरण्याची शक्यता असते.

तोलेदो आणि १४९२ : भाषेचेही ऋण

तोलेदोतील सान्ता मारिया ला ब्लांका ही वास्तू बाराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंसाठी, ख्रिस्ती राजाच्या शहरात, मुस्लिम कारागिरीच्या नालाकृती कमानी घेऊन उभी राहिली, आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी तिचे चर्च झाले. आजही ती ओळखली जाते ती त्या ख्रिस्ती नावानेच. जवळच कास्तिलच्या पेद्रो राजाचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधलेले 'एल त्रान्सितो' सिनेगॉग आहे. त्याच्या भिंतींवरील गिलाव्याच्या नक्षीत हिब्रू लेखांच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्याबरोबर अरबी अक्षरेही आहेत; वरच्या अंगाला स्त्रियांसाठी सज्जा आहे. बांधणाऱ्या खजिनदाराला पुढे राजाची खप्पा मर्जी होऊन छळाने मरण आले. वास्तू आता संग्रहालय आहे. तिच्यात प्रार्थना करणारा समाज या शहरातून गेला तो परत आला नाही.

तो का गेला, याचे उत्तर विद्यार्थी जी भाषा शिकतो तिच्या इतिहासातच गुंफलेले आहे. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाचे शेवटचे मुस्लिम राज्य शरण आले. ३१ मार्चला इसाबेल राणी व फर्नांदो राजा यांनी ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा किंवा देश सोडावा असा हुकूम काढला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आन्तोनियो दे नेब्रिखा याचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण सालामांका येथे छापून झाले. युरोपातील एखाद्या लोकभाषेचे हे पहिले छापील व्याकरण, आणि ते राणीला अर्पण करताना भाषा ही साम्राज्याची सोबतीण असते, असे त्याने प्रस्तावनेत मांडले. पुढे १५६७ च्या हुकमाने ग्रानादाच्या मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, अरबी बोलण्या-लिहिण्यास आणि आपला पोशाख घालण्यास बंदी झाली. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को देशाबाहेर घालवले गेले. हाकलले गेलेले ज्यू मात्र हीच भाषा बरोबर घेऊन गेले, आणि सालोनिका व इस्तंबूल येथे त्यांनी ती शतकानुशतके घरात जपली; सालोनिकातील ती बोलणारे बहुतेक लोक १९४३ साली नाझींनी आउशविट्झला नेऊन मारले. ज्यू निर्वासितांच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा स्पेनने २०१५ साली केला, मोरिस्कोंच्या वंशजांना मात्र तशी सवलत मिळाली नाही.

या सगळ्याचा अर्थ असा की स्पॅनिशचा विद्यार्थी सिनेगॉगमध्ये शिरतो तेव्हा तो निव्वळ बाहेरचा माणूस नसतो. ज्या भाषेत तो गुण मिळवतो, तीच भाषा त्या जागेचा समाज घालवणाऱ्या सत्तेने साम्राज्याची सोबतीण म्हणून मिरवली, आणि तीच भाषा घालवलेल्यांनी आईकडून मुलीकडे दिली. अपराध त्याचा नाही, पण वारसा स्वीकारताना त्यातले देणे स्वीकारण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मध्ययुगीन स्पेनमधील तीन धर्मांच्या एकत्र राहण्याला 'कोन्व्हिव्हेन्सिया', म्हणजे सहजीवन, म्हणण्याचा प्रघात आमेरिको कास्त्रो या अभ्यासकाच्या १९४८ च्या ग्रंथानंतर रूढ झाला, आणि इतिहासकार क्लाउदियो सान्चेस-आल्बोर्नोस याने त्याला जोरदार हरकत घेतली. सहलींच्या माहितीपत्रकांना पहिली बाजू फार प्रिय असते. पण कोर्दोब्यात जन्मलेल्या मैमोनिदिस या ज्यू तत्त्वज्ञाच्या कुटुंबाला अल्-मोहाद या मुस्लिम राजवटीत शहर सोडावे लागले, आणि त्याच शहरात जन्मलेल्या इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञावर उतारवयात मुस्लिम सत्तेचीच खप्पा मर्जी होऊन त्याची पुस्तके जाळली गेली, हेही मुलांना सांगितले पाहिजे. नाहीतर सहिष्णुतेचा धडा हा एक गोड परीकथेचा प्रकार होऊन बसतो, आणि मोठेपणी ती कथा खोटी ठरली की मुले धड्यावरचाही विश्वास गमावतात.

सान्तियागोची वाट : यात्रेकरू कोणाला म्हणावे?

सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे येशूचा शिष्य याकोब, म्हणजेच सान्तियागो, याची समाधी असल्याचे नवव्या शतकापासून मानले जाते. तिथवर नेणाऱ्या 'कामिनो' या पदयात्रेच्या मार्गाला युरोप परिषदेने १९८७ साली पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली, आणि २०२४ साली यात्रा पूर्ण केल्याची नोंद करणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या जवळ पोचली. अनेक शाळा सारिया गावापासूनचा शंभराहून थोडे अधिक किलोमीटरचा शेवटचा टप्पा मुलांकडून चालवून घेतात, कारण पायी निदान शंभर किलोमीटर आल्याशिवाय 'कोम्पोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळत नाही. वाटेतल्या धर्मशाळांत आणि चर्चमध्ये यात्रा-पुस्तिकेवर शिक्के घ्यायचे असतात, आणि शेवटी कोम्पोस्तेलातील यात्रेकरू-कार्यालय प्रत्येकाला विचारते की यात्रेमागचा हेतू काय होता. धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतू सांगणाऱ्याला कोम्पोस्तेला मिळते. इतरांसाठी वेगळे प्रमाणपत्र आहे.

या एका प्रश्नाने शाळेची कसोटी लागते. मुलाने खरे सांगितले तर त्याला एक कागद मिळेल, मित्राच्या हातात दुसरा असेल. देखण्या कागदासाठी खोटे सांगितले तर चालून आलेल्या सगळ्या किलोमीटरांचा शेवट खोट्याने होईल. म्हणून हा प्रश्न निघण्यापूर्वीच, वर्गात, मुलांसमोर मांडला पाहिजे, आणि दोन्ही उत्तरे सारख्याच मानाची आहेत हे शिक्षकाने आपल्या वागण्यातून दाखवले पाहिजे. चालणे मनुष्याला बदलते, हे वारीच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पण वारकऱ्याच्या पायांना जी दिशा असते ती शाळेच्या आदेशाने कोणाच्या पायांत भरता येत नाही.

कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातील एक शिल्प आहे: घोड्यावर बसलेला सान्तियागो तलवार उगारतो आहे, आणि घोड्याच्या टापांखाली पडलेल्या मूर, म्हणजे मुसलमान, लोकांच्या आकृतींवर फुलांची आरास करून त्या झाकलेल्या असतात. क्लाव्हिखोच्या दंतकथेतील लढाईत प्रकट होऊन मूरांचा संहार करणारा हा 'मातामोरोस' आणि वाटेवर चालणाऱ्यांना पाणी व निवारा मिळवून देणारा सान्तियागो, ही एकाच संताची दोन रूपे आहेत. फुले बाजूला सारण्याचा अधिकार पाहुण्याला नाही; फुलांखाली काय आहे, हे मुलांपासून लपवण्याचा अधिकार शिक्षकालाही नाही.

मराठी प्रदेशाला हे दुहेरीपण अनोळखी नाही. नवारा प्रांतातील हावियेरच्या किल्ल्यात १५०६ साली जन्मलेला फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला. १५४६ च्या पत्रात त्याने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यात इन्क्विझिशन बसवण्याची मागणी केली, आणि ते न्यायपीठ त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आले. तरीही जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत त्याच्या अवशेषांपुढे हात जोडणाऱ्यांत हिंदूही असतात. परक्या भाषेचा अभ्यास धर्मांतराच्या हेतूनेही होतो आणि त्या हेतूला ओलांडूनही जातो, याचा दाखलाही गोव्यातच आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने मराठीत ओवीबद्ध रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, आणि मराठी वाङ्मयाने ते आपले मानले. गोव्यातून किंवा महाराष्ट्रातून हावियेरचा किल्ला पाहायला जाणारा विद्यार्थी हे सारे बरोबर घेऊन जातो, आणि त्याला ते विसरायला सांगणे हे शिक्षण नव्हे.

पाहुण्याचे नाते

ओटोच्या ग्रंथामागे त्याच्या प्रवासाचाही एक धागा आहे. १९११ साली मोरोक्कोतील मोगादोर या बंदरात तो एका साध्या, अंधाऱ्या सिनेगॉगमध्ये गेला असता 'पवित्र, पवित्र, पवित्र' हा हिब्रू घोष त्याने ऐकला, आणि त्या क्षणाने आपण किती हलून गेलो हे त्याने प्रवासातील पत्रात नोंदवले. म्हणजे ज्याने बाहेरच्याला दाराशीच थांबवले, त्याला पवित्रतेची जी जाणीव झाली तीतला एक तीव्र क्षण परक्याच्या देवघरात, बाहेरचा माणूस म्हणूनच लाभला होता. तो ज्यू झाला नाही आणि तटस्थही राहिला नाही. अनुयायी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक तिसरे नाते शिल्लक आहे आणि ते पाहुण्याचे आहे. पाहुणा घराचा मालक नसतो, तपासनीसही नसतो. घरातल्या माणसांना जे मोलाचे आहे त्याला तो जपतो, पंगतीत आपल्याला वर्ज्य असलेला पदार्थ नम्रपणे नाकारू शकतो, आणि आपण कुटुंबातले झालो असा आव आणत नाही. स्पेनच्या बाबतीत या नात्यात एक भर घालावी लागते: पुष्कळ जागी आज दार उघडणारा यजमान एक आहे आणि घर बांधून गेलेला यजमान दुसरा आहे, आणि पाहुणा दोघांचाही देणेकरी असतो.

हे नाते मान्य केले की तीन कर्तव्ये आपोआप येतात, आणि प्रत्येकाचा परिणाम थेट नियोजनावर होतो. पहिले कर्तव्य हजर यजमानाप्रती आहे: ही जागा कुणासाठी तरी आजही जिवंत आहे, याची जाण ठेवणे. सेव्हियाच्या मिरवणुकीत टोकदार टोपी आणि तोंड झाकणारे वस्त्र घातलेले 'नासारेनो' पाहून अमेरिकी मुलांना कू क्लक्स क्लान ही वर्णद्वेषी संघटना आठवते. आपले प्रायश्चित्त निनावी राहावे म्हणून चेहरा झाकण्याची ही प्रथा त्या संघटनेहून शतकांनी जुनी आहे, हे निघण्यापूर्वी सांगितले नाही तर मुले भर रस्त्यात हसतील किंवा घाबरतील, आणि दोन्हींत यजमानाचा अवमान आहे. इथेच भाषेचे खरे प्रयोजनही पुरे होते. मूर्तीचा भला मोठा मंच मानेवर वाहणारा 'कोस्तालेरो', चर्चची देखभाल करणारा सेवक, यजमान घरातली आजी यांना त्यांच्या श्रद्धेविषयी त्यांच्याच भाषेत विचारता येणे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकता येणे, ही परीक्षेतील कोणत्याही संभाषणापेक्षा मोठी पायरी आहे.

दुसरे कर्तव्य गैरहजर यजमानाप्रती आहे. तोलेदोला जाण्यापूर्वी १४९२ चा हुकूम आणि कोर्दोब्याला जाण्यापूर्वी १५२३ चा वाद मुलांनी वाचलेला असला पाहिजे, आणि त्यासाठी दोन-तीन तासिका राखणे हा सहलीच्या खर्चाइतकाच आवश्यक भाग मानला पाहिजे. तिसरे कर्तव्य विद्यार्थ्याच्या विवेकाप्रती आहे. आत यायचे नसेल त्याला कारण न विचारता बाहेर थांबता आले पाहिजे आणि बाहेर त्याच्यासोबत एक शिक्षक असला पाहिजे. 'अनुभव' म्हणून मुलांकडून नमाजाची नक्कल, मेणबत्ती लावणे किंवा गुडघे टेकणे करवून घेता कामा नये, कारण नक्कल यजमानाला बोचते आणि मुलाला खोटे वागायला शिकवते. आणि ज्याला खरोखर प्रार्थना करावीशी वाटेल त्याला, त्या जागेचा नियम आड येत नसेल तर, चार निवांत मिनिटे मिळाली पाहिजेत. जिथे नियम आड येतो, तिथे तो का येतो हे मुलाला आधीच, आदराने आणि एकांतात सांगणे हे शिक्षकाचे काम आहे.

ही कर्तव्ये पाळायची तर एका दिवसात तीन शहरे बसत नाहीत. ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा राजवाड्याची तिकिटे नावनिशीवार आणि ठरलेल्या वेळेची असतात, बसचे भाडे दिवसावर मोजले जाते, आणि पालकांना दिलेल्या पैशांच्या मोबदल्यात अधिक स्थळे हवी असतात. या रेट्यापुढे यादी लांबत जाते. पण लांब यादी ही निष्पाप गोष्ट नव्हे. वीस मिनिटांत पाहिलेले देवघर मुलाला असे शिकवून जाते की दुसऱ्याची श्रद्धा वीस मिनिटांत संपते. कमी जागा आणि प्रत्येक जागी अधिक वेळ, हा निर्णय म्हणून सोयीचा नाही, नीतीचा आहे.

मायोर्कात जन्मलेल्या रामोन यूल याने तेराव्या शतकात लिहिलेल्या एका संवादग्रंथात ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम असे तीन ज्ञानी एका अश्रद्ध माणसापुढे आपापला धर्म मांडतात. ऐकून घेतल्यावर तो माणूस आपला निर्णय सांगायला तयार होतो, पण तिघे तो न ऐकताच निरोप घेतात, एकमेकांची क्षमा मागतात आणि चर्चा चालू ठेवायचे ठरवतात. यूल स्वतः धर्मप्रसारक होता आणि धर्मप्रसारासाठीच त्याने मठवासीयांना अरबी शिकवणारी शाळा काढली. तरीही ग्रंथाचा शेवट त्याने असा मोकळा ठेवला, यात त्याच्या हेतूपेक्षा मोठे शहाणपण आहे. शालेय सहलीचे यशही याच मापाने मोजावे लागेल. मुले परतल्यावर कोणता धर्म बरा वाटला हे शाळेने विचारू नये, आणि सगळे धर्म एकच आहेत असे तयार उत्तरही त्यांच्या हाती देऊ नये. ज्यांच्या घरात आपण गेलो त्यांना काय पवित्र वाटते आणि कुणाला त्या घरातून जावे लागले, हे प्रत्येक मुलाला आपल्या शब्दांत, आणि जमेल तितके त्यांच्या भाषेत, प्रामाणिकपणे सांगता आले, तर त्याला तिथे नेण्याचा अधिकार शिक्षकाने कमावला असे म्हणता येईल.